रॉटवायलरचा धसमुसळा खेळ: दोष जातीचा की मालकाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या बाणेरच्या एका सोसायटीतल्या कुटुंबाचा ब्रुनो हा 15 महिन्यांचा रॉटवायलर, वजन 42 किलो. संध्याकाळी मागच्या लॉनवर पाच-सहा कुत्री मोकळी सोडतात. तिथे खेळता खेळता ब्रुनोनं 6 किलोच्या शिह त्झूला छातीनं धडक देऊन पाडलं आणि त्याच्यावर पंजा ठेवून उभा राहिला. चावला नाही, पण त्या बिचाऱ्याचा पुढचा पाय मुरगळला. त्याच्या मालकीणबाई एक्स-रे आणि औषधांचा खर्च मागतायत. पाठोपाठ कमिटीनं नोटीस लावली: रॉटवायलर, पिटबुल आणि डॉबरमन यांना आवारात बंदी. ब्रुनोचे मालक विचारतात, तिथलाच एक लॅब्रॅडोर याहून दांडगा खेळतो, त्याला कुणी चकार शब्द बोलत नाही, मग हा आमच्या कुत्र्याच्या जातीवरचा आकस नाही का? पट्टे सगळ्यांनीच सोडले होते, तर खर्च आम्हीच का द्यायचा? आणि ब्रुनोला नीट खेळायला शिकवता येईल का?

खर्चाचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. द्या, पूर्ण द्या, आणि कमिटीच्या बैठकीची वाट न पाहता द्या. पट्टे सगळ्यांनी सोडले होते हे खरं, पण पाय मुरगळला तो 42 किलोच्या धडकेनं. मोठं कुत्रं घरात आणलं की त्याच्या वजनाची जबाबदारीही आपणच घेतलेली असते, त्या दिवशी नेमकं कोण चुकलं याचा निवाडा काहीही होवो. पैसे देताना 'पण तुम्हीही सोडलं होतंत ना' हे वाक्य तोंडातून काढू नका. बिल घेऊन समोर उभ्या असलेल्या बाईंना वाटण्या नको असतात. आपल्या कुत्र्याला लागलंय हे या लोकांपर्यंत पोचलंय का, एवढंच त्या बघत असतात. असे वाद मिटवायला मला पुष्कळदा बोलावतात, आणि जिथे मोठ्या कुत्र्याचा मालक त्याच संध्याकाळी विचारपूस करायला गेला तिथे प्रकरण नोटिशीपर्यंत जाताना मी फारसं पाहिलेलं नाही.

आता जातीचं. रॉटवायलरची भीती लोकांनी उगाच काढलेली नाही. मोठा जबडा लागला तर इजा मोठी होते, आणि बातमीही त्याचीच होते. आपण सरसकट पॉमेरेनियन म्हणतो तो पांढरा स्पिट्झ पाहुण्यांच्या पोटरीला दात लावतो, तेव्हा 'जरा चिडका आहे हो' म्हणून विषय संपतो. त्यामुळे कुठल्या जातीचं नाव खराब आणि कुठलीचं चांगलं, हे बऱ्याच अंशी इजा किती झाली यावरून ठरत जातं. चावण्याची प्रवृत्ती कुणात किती, हा प्रश्न निराळा आहे.

त्या प्रश्नावर 2022 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अमेरिकेतल्या 18 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी आपापल्या कुत्र्याच्या वागण्याबद्दल सविस्तर प्रश्नावली भरली होती आणि 2,155 कुत्र्यांचे जनुकीय नकाशे त्याच्याशी ताडून पाहिले गेले. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचा सरासरी 9 टक्के भागच जातीवरून सांगता आला. शिकवलेलं पटकन उचलणं, सांगितलेलं ऐकणं यावर जातीची छाप थोडी जास्त दिसली. पण कुत्रं किती लवकर चिडतं, हे जातीवरून ओळखणं जवळपास अशक्य निघालं. म्हणजे 'रॉटवायलर आहे, कधी फिरेल सांगता येत नाही' याला आधार नाही. आणि हे पुढचं लोक विसरतात: 'लॅब आहे, तो काही करणार नाही' यालाही तेवढाच आधार नाही.

मग जातीला काहीच अर्थ नाही का? आहे, पण वेगळ्या ठिकाणी. कुत्रं कसं खेळतं, त्या ढंगात जात दिसते. आणि शरीरात दिसते.

रॉटवायलर हा दक्षिण जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचा कुत्रा. गुरं बाजाराला हाकत न्यायची आणि मांसाच्या गाड्या ओढायच्या, हे त्याचं काम. अडून बसलेल्या बैलाला भुंकून भागत नाही, अंगानं रेटावं लागतं. ब्रुनो छातीनं धडक देतो, खांदा लावून ढकलतो, पाडल्यावर वर उभा राहतो, हे त्या कामाचं अंगात उरलेलं आहे. तो त्या शिह त्झूचा राग करत नव्हता. बॉक्सर मागच्या पायांवर उभा राहून पुढचे पंजे चालवतो. जर्मन शेफर्ड आणि बॉर्डर कोली पळणाऱ्याला घेरतात, टाचेला चिमटे काढतात. टेरियर पकडून हिसडे देतात. हस्की खेळताना एवढा आरडाओरडा करतो की अख्ख्या विंगेला मारामारी चाललीय असं वाटतं. कारवान किंवा मुधोळ या आपल्या देशी शिकारी कुत्र्यांना पाठलागाची ओढ. आणि लॅब्रॅडोर? तो तोंडाचा आणि अंगाचा खेळाडू. लांबून धावत येऊन आदळणं, मान तोंडात धरणं, न थांबता परत परत अंगावर जाणं. तुमच्या लॉनवरच्या लॅबबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मला पटतं. त्याच्याकडे मी पुढे येते.

यातला कुठलाच ढंग मुळात वाईट नाही. दोन रॉटवायलर एकमेकांना धडका देत अर्धा तास आनंदात खेळतात. अडचण होते ती समोरच्याला तो ढंग कळत नसतो किंवा पेलत नसतो तेव्हा. तुमच्या लॉनवर दोन्ही झालं.

चांगला खेळ कसा दिसतो ते आधी डोळ्यांत बसवून घ्या. एक कुत्रं पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करतं, ते खेळायचं आमंत्रण. मार्क बेकॉफ या अमेरिकी अभ्यासकानं 1995 साली दाखवून दिलं की हे वाकणं फक्त सुरुवातीला येत नाही. चावण्याचं नाटक करून जोरात मान हलवण्याच्या आधी किंवा लगेच नंतर ते पुन्हा येतं, जणू सांगायला की आता जे केलं तेही खेळातलंच. मग भूमिका बदलतात. पाठलाग करणारा पळू लागतो, वरचा खाली जातो. समजूतदार मोठं कुत्रं पिल्लासमोर आपणहून आडवं होतं, तोंड उघडं ठेवून नुसतं कवळल्यासारखं करतं, दात दाबत नाही. अंग सैल असतं, हालचाली वळणदार असतात. आणि दर थोड्या वेळानं खंड पडतो. दोघं सुटतात, एकदा अंग झटकतात, जमीन हुंगतात, मग परत सुरू. हा खंड सगळ्यात महत्त्वाचा. खंड न पडता पाच मिनिटं चाललेला खेळ चढत जातो, आणि चढलेल्या खेळातून भांडण व्हायला एवढंसं कारण पुरतं.

आता त्या शिह त्झूच्या उंचीवरून बघा. डोळ्यांवर केसांची झालर, त्यामुळे ब्रुनोचं वाकणं त्याला धड दिसलंही नसेल, आणि त्याचे घाबरलेले डोळे ब्रुनोला दिसले नसतील. ब्रुनोचा रंग काळा, चेहऱ्यावरचे बारकावे संध्याकाळच्या उजेडात वाचता येत नाहीत. रॉटवायलरच्या पिल्लांची शेपटी कापण्याची वाईट पद्धत आपल्याकडे अजून गेलेली नाही. ब्रुनोचीही कापलेली असेल, तर समोरच्याला त्याचा इरादा सांगणारी मोठी खूणच गेली. अशा अवस्थेत 42 किलोचं धूड धावत येताना दिसलं, तर ते आमंत्रण आहे असं त्या छोट्यानं का मानावं?

त्यातून त्याचं शरीर. शिह त्झू, पग, पेकिनीज यांच्या डोळ्यांच्या खोबणी उथळ असतात. मानेवर किंवा डोक्यावर जोराचा दाब आला तर डोळा अक्षरशः बाहेर येऊ शकतो. ही गोष्ट मी भीती घालायला सांगत नाही. जनावरांच्या डॉक्टरांना ती नवी नाही. असं कधी झालंच तर डोळा आत ढकलायचा नाही, स्वच्छ सलाइननं भिजवलेलं कापड त्यावर ठेवून जसे असाल तसे दवाखाना गाठायचा. शिह त्झू आणि डॅक्सहुंड यांच्या मणक्यांच्या चकत्यांनाही धोका असतो, एका आपटण्यानं मागचे पाय लुळे पडू शकतात. म्हणून म्हणते, तुमच्या लॉनवर पाय मुरगळण्यावर निभावलं. दात न लावता, राग न धरता, निव्वळ खेळात जीव जाऊ शकतो. 'पण तो चावला नाही' हे उत्तर इथे पुरत नाही.

आपल्याकडे एक वाक्य फार चालतं: 'घाबरू नका, तो काही करत नाही.' टेकडीवर, लिफ्टच्या दारात, पार्किंगमध्ये, सगळीकडे. मनापासून म्हणतात लोक. पण खेळ ठीक चाललाय की नाही हे ठरवण्याचा हक्क मोठ्या कुत्र्याच्या मालकाकडे नसतोच. तो खालच्या कुत्र्याकडे असतो. त्याची शेपूट पोटाखाली गेली, कान मागे पडले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, तो परत परत ओठ चाटतोय, बाकाखाली शिरतोय, मालकाच्या पायांमागे लपतोय, तर खेळ संपलेला आहे. वरचं कुत्रं कितीही आनंदात असलं तरी. आणि तो थांबवणं हे वरच्या कुत्र्याच्या मालकाचं काम आहे, कारण त्याचंच कुत्रं थांबत नाहीये.

शंका असेल तर एक साधी चाचणी करा. ब्रुनोचा गळपट्टा धरून त्याला चार पावलं मागे घ्या आणि समोरच्याला मोकळं ठेवा. तो परत ब्रुनोकडे आला, वाकला, त्याच्या तोंडाशी आला, तर त्याला खेळायचंय, सोडा. तो अंग झटकून दुसरीकडे निघून गेला, तर त्यानं सुटकेचा श्वास टाकलाय. ही चाचणी एका खेळात चार-पाच वेळा करायला हरकत नाही. तुमच्या लॉनवर कुणी ती एकदा जरी केली असती, तरी त्या दिवशीचं उत्तर कळलं असतं.

आता ब्रुनोला शिकवण्याचं. 15 महिने म्हणजे ऐन पौगंड. अंग जवळपास वाढलेलं, डोकं अजून वाढायचंय. रॉटवायलर शहाणा व्हायला दोन-तीन वर्षं घेतो. त्यामुळे 'आपोआप शांत होईल' या आशेवर बसू नका, या वयात जे घोटवलं जातं तेच पुढे राहतं. आणखी एक विचारते: ब्रुनो घरी आला तेव्हा किती दिवसांचा होता? कुत्र्यांच्या पैदाशी-विक्रीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे 8 आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, तरी महिना-सव्वा महिन्याची पिल्लं सर्रास हातात दिली जातात. किती जोरात चावलं की भाऊ किंचाळून खेळ सोडतो, हा धडा पिल्लू भावंडांत शिकतं. तो हुकला, आणि पुढे लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लू फ्लॅटमध्येच राहिलं, तर दीड वर्षाच्या रॉटवायलरला समोरच्याची 'नको'ची भाषाच येत नाही. चुकीचं कळतंय पण वळत नाही असं नसतं, कळतच नसतं. ओरडून, मारून ती भाषा येत नाही.

ती येते ती खेळ वारंवार मोडून आणि परत जोडून. दहा मीटरची लांब दोरी घ्या, पाठीला हार्नेस घाला, दोरी गळपट्ट्याला लावू नका. ब्रुनोच्या वजनाचा, शांत, प्रौढ जोडीदार शोधा. शक्य असेल तर असं गावठी कुत्रं, जे पिल्लूपणी गल्लीतल्या कुत्र्यांत वाढलंय. अशी कुत्री खूण देण्यात आणि वाचण्यात बहुधा तरबेज असतात, नको असलेली धडक ती नुसतं तोंड वळवून परतवतात. गावठी म्हणून नाक मुरडणाऱ्या मालकांना मी हे नेहमी सांगते, तुमच्या महागड्या पिल्लाला यापेक्षा चांगला गुरू मिळायचा नाही. अर्धं मिनिट खेळू द्या आणि ब्रुनोला हाक मारा. आला की चिकनचा तुकडा, आणि लगेच 'जा, खेळ'. ही 'जा, खेळ' सगळ्यात मोलाची, कारण हाक ऐकली की खेळ संपतो असं कुत्र्याला वाटलं तर ते हाकेला येणार नाही. पहिल्या दिवसांत खेळ चढायच्या आत हाक मारायची. चढल्यावर दोरीनं हळू बाहेर घ्यायचं, जमीन हुंगू द्यायची, श्वास खाली आला की परत. तीन-चार आठवडे रोज दहा मिनिटं हे नेमानं केलंत तर ब्रुनो आपणहून थांबून तुमच्याकडे बघू लागेल. ते दिसलं की दोरी जमिनीवर सोडायला सुरुवात करा.

तो गुरगुरला तर रागावू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून बंद केली की सूचना न देता चावणारं कुत्रं तयार होतं. काटेरी पट्टा, गळा आवळणारी साखळी, शॉक देणारा पट्टा, यातलं काहीही नको. दुसरं कुत्रं दिसलं की गळ्याला दुखतं, एवढंच कुत्रं त्यातून शिकतं, आणि मग खेळकर कुत्र्याचं भांडखोर होतं.

घरातही एक गोष्ट तपासा. रॉटवायलर आणला की घरातल्या कुणाला तरी त्याच्याशी कुस्ती खेळायची हौस येते. हातांवर दात लावू देणं, ढकलाढकली, अंगावर उडी मारायला शिकवणं. तोच ब्रुनो मग लॉनवर एखाद्या आजोबांच्या अंगावर प्रेमानं उडी मारतो. तुमच्या लॉनवर संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक बसत नसतील असं मी मानत नाही. सत्तरीच्या माणसाचं खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय असतं, हे ज्या घरानं सोसलंय त्याला विचारा. दोरीची ओढाओढ जरूर खेळा, 'सोड' म्हटल्यावर सोडण्याच्या अटीवर.

लॉनवरची बंदी चुकवायला ब्रुनोला वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला नेऊन मोकळं सोडावंसं वाटेल. तसं करू नका. तिथे मोर आहेत, आपापला इलाका राखणारी कुत्री आहेत, पहाटे एकट्यानं चालणारी माणसं आहेत. न्या, पण लांब दोरीवर, हुंगत फिरायला. अर्धा तास मनसोक्त हुंगणं या वयाच्या कुत्र्याला तासभर धिंगाण्याइतकं थकवतं आणि डोकं शांत ठेवतं. मार्च ते मे सकाळी लवकर जा, काळं अंग उन्हात फार तापतं.

कमिटीच्या नोटिशीबद्दल: ती टिकणार नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमतानंसुद्धा कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, जातीवरून किंवा आकारावरून भेद करता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. सामाईक जागेत कुत्रं पट्ट्यावर ठेवा, असं मालकांना त्याच सूचना सांगतात. मोकळं सोडण्याचा हक्क त्यात कुठेही नाही, हेही वाचा. कमिटीनं बहुधा मार्च 2024 चं केंद्राचं पत्र धरलं असावं. पशुसंवर्धन विभागानं 12 मार्चला रॉटवायलर, पिटबुल, मॅस्टिफ अशा 23 जातींच्या विक्री-पैदाशीवर बंदी घालायला राज्यांना लिहिलं होतं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानंही आधी हरकती-सूचना मागवा असं सांगून बाजूला सारलं. जातीवर बंदी घालून पाहणाऱ्या देशांचा अनुभवही बघा. नेदरलँड्सनं आपली बंदी 2008 मध्ये मागे घेतली, इटलीनं 2009 मध्ये जातींची यादी सोडून मालकाच्या जबाबदारीचा नियम आणला. ब्रिटनमध्ये 1991 पासून यादी आहे, तरी 2023 च्या अखेरीस तीत एक्सएल बुली या कुत्र्याची भर घालावी लागली.

पण तुम्ही हे सगळं छापून कमिटीसमोर आपटलंत तर नोटीस जाईल आणि वैर राहील. बैठकीला जाताना ब्रुनोचा महापालिकेचा परवाना आणि रेबीज लसीचा दाखला सोबत न्या. परवाना काढला नसेल तर आधी काढा, तोपर्यंत तुमची बाजू लंगडी आहे. आणि बंदीच्या जागी स्वतः नियम सुचवा. लॉनवर येईपर्यंत आणि जाताना पट्टा. दहा किलोंखालच्या कुत्र्यांची वेळ वेगळी. ज्याचं कुत्रं पहिल्या हाकेला येत नाही त्याचं कुत्रं दोरीवर, जात कुठलीही असो. मालकानं कुत्र्यापासून दहा-बारा पावलांत उभं राहायचं, मोबाइल खिशात. इजा झाली तर धडक देणाऱ्याच्या मालकानं उपचार करायचे. यानंही कमिटी ऐकली नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे दाद मागता येते, पण तिथवर जायची वेळ येऊ देऊ नका.

कायद्याची एक बाजू तुमच्यावरही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका टाळण्यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तिथेही जात विचारलेली नाही. हयगय विचारली आहे.

आता तो लॅब. तुमची तक्रार रास्त आहे, पण तिचा उपयोग 'मग आम्हीही' असा करू नका. चांगलं नाव कुत्र्याला बिघडवतं, हे मी फार जवळून पाहते. लॅबचा मालक लॉनच्या टोकाला फोनवर, लॅब चौथ्यांदा एका भेदरलेल्या बीगलवर चढतोय, आणि सगळे हसतायत, कारण लॅब आहे. तेच ब्रुनोनं केलं असतं तर खुर्च्या उचलल्या गेल्या असत्या. हा अन्याय ब्रुनोवर आहेच, पण त्याहून जास्त त्या बीगलवर आहे. एक दिवस ते उलटून लॅबला चावेल आणि 'बीगल चावरा निघाला' म्हणून त्याचं नाव खराब होईल. वर सुचवलेले नियम जातीचं नाव न घेता लिहिलेत ते याचसाठी. लॅबच्या मालकाशी बोलायचं तर कुत्रा वाईट आहे असं म्हणू नका. गळपट्टा धरून मागे घ्यायची ती चाचणी त्याच्यासमोर ब्रुनोवर करून दाखवा, मग त्यालाही करायला सांगा.

शिह त्झूच्या बाईंनाही दोन गोष्टी सांगाव्यात, पण पैसे दिल्यानंतर आणि त्यांनी विचारलं तर. डोळ्यांवरचे केस बांधा किंवा कापा. आणि मोठं कुत्रं अंगावर येताना छोट्याला झटकन उचलून वर धरू नका. वर गेलेल्या वस्तूवर मोठं कुत्रं उडी मारतं, आणि मग माणसालाही लागतं. त्याऐवजी स्वतः मध्ये उभं राहावं. दोन कुत्री खरंच जुंपलीच तर तोंडाजवळ हात घालायचा नाही. बादलीभर पाणी मारा, मध्ये प्लास्टिकची खुर्ची सारा, किंवा दोन्ही मालकांनी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय धरून मागे ओढा. माणसाला दात लागला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

ब्रुनोनं यापुढे दहा किलोंखालच्या कुत्र्यांशी मोकळं खेळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकल्यानंतरही. प्रेमळ असूनही एका उडीत तो समोरच्याची पाठ मोडू शकतो, आणि लहानांशी खेळलं नाही म्हणून त्याचं काहीही अडत नाही.

नसबंदीचं तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. तिनं धडका मारायचा ढंग बदलत नाही. दुसऱ्या नरांवर चढणं, माद्यांच्या मागे पळणं कमी होऊ शकतं. मोठ्या जातींत हाडांची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे साधारण दीड-दोन वर्षांपर्यंत थांबा असं बरेच डॉक्टर सांगतात. तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि त्याच भेटीत ब्रुनोच्या खुब्यांचा एक्स-रे काढून घ्या. रॉटवायलरमध्ये खुब्याचा सांधा सैल असणं नेहमीचं आहे. सांधा दुखत असेल तर समोरून धडक खाल्ल्यावर ब्रुनोचा स्वतःचा पारा चढू शकतो, म्हणून तो एक्स-रे त्याला जोडीदाराबरोबर खेळायला सोडण्याआधी व्हायला हवा.